मुदतीचा अधिकार : कॅलिफोर्निया यूथ ऑथॉरिटीची ८२ वर्षे

अमेरिकेत अल्पवयीन गुन्हेगारांसंबंधीचा कारभार प्रामुख्याने केंद्र सरकारच्या हाती नसून तो राज्ये आणि त्या राज्यांतील काउंट्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांशी साधारणपणे तुलना करता येईल असे स्थानिक प्रशासकीय घटक, यांच्यात वाटला गेलेला आहे. पकडलेल्या मुलाला सुनावणीपर्यंत ठेवण्याची जागा आणि नंतर त्याच्यावर देखरेख करणारे प्रोबेशन खाते ही काउंटीची जबाबदारी असते. ज्या मुलाला काउंटीच्या पातळीवर सांभाळणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटते, त्याच्यासाठी राज्याच्या संस्था असतात. मराठी वाचकाच्या परिचयाच्या शब्दांत सांगायचे तर पहिली जागा रिमांड होमची आणि दुसरी बालसुधारगृहाची. कॅलिफोर्नियात या दुसऱ्या प्रकारच्या संस्था चालवण्यासाठी १९४१ मध्ये जे स्वतंत्र खाते निर्माण झाले, ते ‘कॅलिफोर्निया यूथ ऑथॉरिटी’ या नावाने दीर्घकाळ ओळखले गेले, अमेरिकेतील इतर राज्यांनी काही काळ आदर्श म्हणून त्याच्याकडे पाहिले, आणि ३० जून २०२३ रोजी त्याच्या उरलेल्या संस्थांना कुलूप लागले. या खात्याच्या उदयास्ताची कथा सहसा हिंसाचार, खटले आणि वाढता खर्च यांच्या अंगाने सांगितली जाते, आणि त्यात चूक काही नाही. परंतु या सगळ्याच्या मुळाशी एक अधिक साधा आणि अधिक जुना प्रश्न होता, तो म्हणजे मुलाला किती काळ कोंडून ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा.

हा प्रश्न समजण्यासाठी बालन्यायालयाच्या मूळ कल्पनेकडे जावे लागते. अमेरिकेतील पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये इलिनॉय राज्याच्या कायद्याने शिकागोत सुरू झाले आणि कॅलिफोर्नियाने १९०३ मध्ये तसा कायदा केला. या न्यायालयांचे अधिष्ठान एका जुन्या इंग्रजी तत्त्वावर होते, ज्यानुसार ज्याला सांभाळणारे कोणी नाही त्याचे पालकत्व राजसत्तेकडे जाते. म्हणूनच बालन्यायालयात आलेला मुलगा ‘आरोपी’ नसून ‘वॉर्ड’, म्हणजे पाल्य, ठरे. त्याच्यावर ‘गुन्हा शाबीत’ होत नसे आणि त्याला ‘शिक्षा’ही होत नसे. शिक्षाच नसल्याने शिक्षेची मुदत ठरवण्याचे कारण उरत नव्हते, कारण बाप मुलाला वळण लावताना किती दिवसांत लावायचे हे आधी लिहून देत नाही. मुंबई इलाख्याचा १९२४ चा बालकायदा याच विचारप्रवाहातला होता, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८५७ मध्ये, मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली होती. तेव्हा कॅलिफोर्नियातील ही कल्पना मराठी मुलखाला परकी म्हणता येणार नाही.

कॅलिफोर्नियाने मुलांसाठी दोन मोठ्या सुधारशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधल्या होत्या. त्यांतील व्हिटियर स्टेट स्कूल लॉस एंजेलिसजवळ १८९१ मध्ये आणि प्रेस्टन स्कूल ऑफ इंडस्ट्री आयोन या लहान गावात १८९४ मध्ये सुरू झाली. प्रेस्टनची लाल विटांची, किल्ल्यासारखी दिसणारी इमारत आजही टेकडीवर उभी आहे. व्हिटियर येथे १९१२ पासून अधीक्षक असलेले फ्रेड नेलिस हे त्यांच्या काळातले पुढारलेले प्रशासक मानले जात. मोठ्या बराकींऐवजी लहान कुटिरांत मुलांना ठेवणे, प्रत्येकाचा मानसशास्त्रीय अभ्यास करणे, या गोष्टी त्यांनी सुरू केल्या. मात्र विज्ञानाच्या नावाने आलेल्या त्या बुद्धिमापन चाचण्या इंग्रजी नीट न येणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या आणि गरीब कृष्णवर्णीय मुलांवर ‘मतिमंद’ असा शिक्का मारण्यासाठी वापरल्या गेल्या, आणि ज्या राज्यात १९०९ पासून सक्तीच्या नसबंदीचा कायदा होता, त्या राज्यात असा शिक्का बसणे किती भयंकर होते हे वेगळे सांगायला नको. त्या कायद्याखाली कॅलिफोर्नियात एकूण सुमारे २०,००० माणसांची नसबंदी झाली, आणि सुधारशाळांतून इतर राज्य संस्थांत पाठवलेली मुलेही त्यांत होती. तज्ज्ञाच्या हाती दिलेला अधिकार आपोआप सौम्य होतो, हा समज या एका उदाहरणानेच पुसला जायला हवा होता. तो पुसला गेला नाही.

१९३९ आणि १९४० या लागोपाठच्या वर्षांत व्हिटियर येथे दोन मेक्सिकन-अमेरिकन मुलांनी एकान्तकोठडीत गळफास घेतला. पहिला १३ वर्षांचा होता. घरच्यांचा आणि त्यांच्या समाजातील कार्यकर्त्यांचा आत्महत्येच्या सरकारी निष्कर्षावर विश्वास बसला नाही. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले, गव्हर्नर कल्बर्ट ऑल्सन यांनी चौकशी नेमली, आणि डेन्व्हरच्या बालन्यायालयामुळे देशभर नावाजलेले न्यायाधीश बेन लिंडसे यांनी तीत पुढाकार घेतला. मारहाण आणि एकान्तवास या दोन्ही गोष्टी चौकशीत पुढे आल्या. पाठोपाठ नेब्रास्कातील ‘बॉइज टाउन’ या संस्थेचे संस्थापक फादर फ्लॅनगन यांनाही व्हिटियरची घडी बसवण्यासाठी बोलावण्यात आले. याच सुमारास, १९४० मध्ये, ‘अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट’ या कायदेपंडितांच्या मंडळाने राज्यांसाठी एक नमुना-कायदा तयार केला होता आणि कॅलिफोर्नियाने १९४१ मध्ये तो, काही फेरफार करून, सर्वांत आधी स्वीकारला.

या कायद्यातील मध्यवर्ती कल्पना अशी होती की न्यायाधीशाने मुलाला अमुक एका संस्थेत अमुक इतके महिने पाठवू नये. त्याने मुलाला केवळ ऑथॉरिटीच्या स्वाधीन करावे. पुढचे सारे, म्हणजे तपासणी, वर्गीकरण, संस्थेची निवड, तेथून सुटका आणि सुटकेनंतरची पॅरोलवरील देखरेख, हे ऑथॉरिटीने ठरवावे. मुलगा आधी स्वागत व निदान केंद्रात जाई, तेथे काही आठवडे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षक त्याला तपासत, आणि मग एक मंडळ त्याला समोर बसवून त्याचे भवितव्य ठरवी. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वयाच्या २१ किंवा २५ वर्षांपर्यंत हा ताबा चालू शके. दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णाला घरी कधी सोडणार हे आधी सांगता येत नाही, हीच उपमा या रचनेच्या समर्थकांच्या मनात होती. १९४३ मध्ये कायद्याच्या नावातील ‘करेक्शन’, म्हणजे सुधार-शासन, हा शब्दही गाळण्यात आला. पहिले संचालक कार्ल हॉल्टन हे लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रोबेशन खात्यातून आलेले होते. युद्धकाळात पैसा आणि जागा दोन्ही नसताना काउंटी तुरुंगांत अडकलेल्या मुलांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी लष्करी कोठारांच्या आवारात आणि जंगलांत श्रम-छावण्या उघडल्या. गव्हर्नर अर्ल वॉरेन, जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, त्यांनी या खात्याला मनापासून पाठबळ दिले. त्या पहिल्या पिढीच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

दोष हेतूत नव्हता, रचनेत होता. आजार बरा झाला की नाही हे रक्ताच्या तपासणीत दिसते; मुलगा ‘सुधारला’ की नाही हे मात्र त्याच्या वागणुकीवरून, म्हणजे त्याला कोंडणाऱ्यांच्या त्याच्याविषयीच्या मतावरून, ठरवावे लागते. त्यामुळे ज्याच्या हातात किल्ली त्याच्याच हातात मोजपट्टी, अशी स्थिती निर्माण झाली. संस्थेत भांडण केले, आज्ञा मोडली, वर्गात गेला नाही, की सुटकेच्या विचाराची तारीख पुढे ढकलली जाई. या मुदतवाढीला आतल्या बोलीत ‘टाइम अ‍ॅड’ म्हणत, आणि ती आठवड्यांची, महिन्यांची, क्वचित वर्षांची असे. ज्या इमारतीत भांडल्याशिवाय दिवस काढणे अवघड होते, त्या इमारतीत भांडणाची किंमत आणखी काही महिने त्याच इमारतीत राहणे, अशी होती.

याच रचनेचे वर्म अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गॉल्ट खटल्यात उघडे केले. तो खटला शेजारच्या अ‍ॅरिझोना राज्यातला होता. शेजारणीला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून १५ वर्षांच्या मुलाला वयाच्या २१ वर्षांपर्यंत, म्हणजे कमाल सहा वर्षांसाठी, राज्याच्या सुधारशाळेत धाडले गेले होते. हाच अपराध प्रौढाने केला असता तर त्याला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. मुलाला आरोपाची लेखी सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. हा निकाल सुनावणीपुरता होता. कॅलिफोर्नियात पुढची पायरी १९७६ मध्ये आली, जेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑलिव्हास खटल्यात असे म्हटले की किरकोळ गुन्ह्यासाठी ऑथॉरिटीकडे सोपवलेल्या तरुणाला त्याच गुन्ह्यासाठी प्रौढाला होऊ शकणाऱ्या कमाल कैदेपेक्षा अधिक काळ ठेवता येणार नाही. त्याच सुमारास शाळा चुकवणे, घरातून पळून जाणे, आईबापांचे न ऐकणे अशा, केवळ वयामुळे अपराध ठरणाऱ्या वर्तनासाठी मुलांना कुलूपबंद जागेत ठेवण्यालाही कायद्याने आळा घातला. भारतातील तुलना येथे उपयोगी पडते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला, बालन्याय मंडळ विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवू शकते. १६ ते १८ वयातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट तो कायदा उघडतो हे खरे, पण ती वगळता मुदतीची कमाल मर्यादा त्यात स्पष्ट आहे. या मर्यादेवर आपल्याकडे वारंवार टीका होते; ती नसण्याचे परिणाम कॅलिफोर्नियाने अनेक पिढ्या पाहिले.

साठच्या दशकात ऑथॉरिटीची बौद्धिक प्रतिष्ठा शिखरावर होती. तिच्या संशोधन शाखेने १९६१ मध्ये सॅक्रामेंटो आणि स्टॉकटन येथे एक मोठा प्रयोग सुरू केला, ज्यात मुलांची परस्परसंबंधांच्या प्रगल्भतेनुसार वर्गवारी करून काहींना संस्थेत न पाठवता, थोडीच मुले हाताळणाऱ्या पॅरोल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरीच ठेवले जाई. प्रयोग यशस्वी झाल्याचा डंका देशभर वाजला. मात्र पॉल लर्मन या अभ्यासकाने १९७५ च्या आपल्या ग्रंथात तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा असे दिसले की या ‘मुक्त’ मुलांना उपचाराचा भाग म्हणून वेळोवेळी तात्पुरत्या कोठडीत ठेवले जात होते, आणि त्यांचे कोठडीतले दिवस प्रत्यक्ष उपचाराच्या वेळेपेक्षा अधिक भरत होते. नाव उपचाराचे होते, आणि म्हणूनच ते दिवस कोणी कैदेत धरले नव्हते.

कोणता मुलगा राज्याकडे जाणार, हे त्याच्या गरजेइतकेच काउंटीच्या हिशेबावर ठरत असे, आणि या खात्याच्या इतिहासातील हा भाग फारसा वाचला जात नसला तरी सर्वांत बोलका आहे. काउंटीने मूल स्वतःकडे ठेवले तर त्याचा खर्च तिच्या माथी. राज्याकडे पाठवले तर १९४७ पासून दरमहा अवघे २५ डॉलर. हा उलटा प्रोत्साहनभाव दुरुस्त करण्यासाठी १९६५ मध्ये ‘प्रोबेशन अनुदान’ आले, ज्यात राज्याकडे न पाठवलेल्या प्रत्येक अपराध्यामागे काउंटीला ४,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळे. राज्याच्या संस्थांत येणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने घटली आणि काही इमारती बंदही झाल्या. महागाईने त्या रकमेची किंमत उतरत गेली, कठोर शिक्षेची हवा वाढली, आणि १९७८ मध्ये ती योजना संपली. २५ डॉलरचा दर मात्र पुढेही चालूच राहिला. नव्वदच्या दशकात टोळीयुद्धे आणि बंदुका यांनी शहरे भयभीत झाली असताना ऑथॉरिटीच्या ११ संस्था ओसंडून वाहत होत्या, आणि १९९६ मध्ये तेथील तरुणांची संख्या सुमारे १०,००० या उच्चांकाला पोचली. त्याच वर्षी विधिमंडळाने दर बदलले: गंभीर गुन्ह्यासाठी पाठवलेल्या मुलामागे महिना १५० डॉलर, पण कमी गंभीर वर्गांतील मुलांसाठी त्यांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या ५०, ७५ किंवा १०० टक्के. ज्या मुलांना स्थानिक पातळीवर सांभाळणे ‘अशक्य’ असल्याचे न्यायालये वर्षानुवर्षे सांगत होती, त्यांतील पुष्कळांना सांभाळणे नवा दर लागू होताच शक्य झाले. दर बदलल्याने मुले बदलली नव्हती. त्यांना लागणारी मदत काउंटीत उभी करता येण्यासारखी होती आणि ती करण्याची निकड पूर्वी कोणाला वाटली नव्हती, एवढेच यावरून सिद्ध होते. आणि ही गोष्ट त्या काळात आत गेलेल्या मुलांच्या दृष्टीने फार मोठी आहे.

संख्या घटली तरी आतली परिस्थिती सुधारली नाही, कारण राहिलेल्या मुलांत टोळ्यांशी जोडलेल्या आणि मानसिक आजार असलेल्या मुलांचे प्रमाण वाढले, तर इमारती तुरुंगाच्याच धर्तीच्या होत्या. कर्मचाऱ्यांच्या जिवालाही धोका होता. चीनो येथील संस्थेत १९९६ मध्ये एका महिला समुपदेशकाचा खून झाला. भीतीला उत्तर म्हणून आलेल्या उपायांनी भीतीच वाढवली. हिंसक ठरवलेल्यांना दिवसातील २३ तास खोलीत बंद ठेवून एक तास बाहेर काढले जाई, आणि काही ठिकाणी शिक्षणाची कायदेशीर सक्ती पाळण्यासाठी मुलांना एकेकट्याच्या पिंजऱ्यांत बसवून समोर शिक्षक उभा केला जाई. या पिंजऱ्यांना कागदोपत्री ‘सुरक्षित कार्यक्रम क्षेत्र’ असे नाव होते. उपचाराची भाषा या खात्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

जानेवारी २००३ मध्ये आतल्या एका तरुणाच्या नातलग स्त्रीने ऑथॉरिटीच्या संचालकाविरुद्ध दावा दाखल केला. बेकायदा कामावर होणारा सार्वजनिक पैशाचा खर्च थांबवण्यासाठी करदाता म्हणून दावा करण्याची मुभा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे, आणि फॅरेल खटला या नावाने ओळखला जाणारा हा दावा त्या मुभेचा आधार घेऊन उभा होता. राज्याने लढण्याऐवजी दोन्ही बाजूंना मान्य तज्ज्ञ नेमण्यास संमती दिली. संस्थांचे व्यवस्थापन, शिक्षण, आरोग्य, मानसोपचार अशा विषयांवरील त्यांचे अहवाल २००४ च्या आरंभी बाहेर आले, आणि सुधारणेचा दावा करणाऱ्या खात्यात सुधारणा जवळजवळ कोठेच होत नसल्याचे चित्र त्यांतून उमटले. त्याच जानेवारीत आयोनच्या प्रेस्टन संस्थेत एकाच कोठडीत १७ आणि १८ वर्षांचे दोन तरुण गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडले, आणि स्टॉकटनच्या संस्थेत जमिनीवर दाबून धरलेल्या तरुणांना समुपदेशक ठोसे मारत असल्याची चित्रफीत त्या वर्षीच दूरचित्रवाणीवर दिसली. समुपदेशक हे त्यांचे अधिकृत पदनाम होते. ज्या दोन मृत्यूंतून हे खाते जन्मले, त्यांच्यानंतर सहा दशकांहून अधिक काळाने, त्याच राज्यात, तशाच बंद खोलीत हे घडले होते.

नोव्हेंबर २००४ मध्ये राज्याने न्यायालयात तडजोडनामा दिला आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ न्यायालयाची देखरेख चालली. ती फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली. दरम्यान २००५ च्या फेररचनेत ऑथॉरिटीचे नाव गेले आणि ती प्रौढ तुरुंगांच्या खात्यात ‘डिव्हिजन ऑफ जुव्हेनाइल जस्टिस’ या नावाचा एक विभाग बनली. २००७ च्या कायद्याने गंभीर, हिंसक आणि लैंगिक गुन्हे सोडून इतरांना तेथे पाठवणे बंद झाले. व्हिटियरची जुनी शाळा २००४ मध्ये, चीनोची संस्था २०१० मध्ये आणि प्रेस्टन २०११ मध्ये बंद झाली. मुले कमी आणि न्यायालयाने घालून दिलेली मानके अधिक, त्यामुळे एका तरुणामागील वार्षिक खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे गेला. शेवटच्या वर्षांत या विभागात महाविद्यालयीन वर्ग होते, मानसोपचाराची नवी पद्धत होती, आणि तो पूर्वीपेक्षा निश्चितच माणुसकीने चालत होता. तथापि गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २०२० मध्ये, कोविडने अंदाजपत्रक कोसळलेले असताना, तो पूर्णपणे बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. १ जुलै २०२१ पासून, मोजके अपवाद वगळता, नवा प्रवेश थांबला, प्रत्येक तरुणामागे वर्षाला २,२५,००० डॉलर काउंट्यांना देण्याचे ठरले, आणि राज्याच्या आरोग्य व मानवसेवा खात्यात देखरेखीसाठी नवे कार्यालय उघडले. जंगलातील वणवे विझवण्याचे शिक्षण देणारी पाइन ग्रोव्हची छावणी तेवढी राखण्यात आली.

मुले मात्र कोठेतरी राहणारच होती. लॉस एंजेलिस काउंटीने राज्याकडून परतलेल्या तरुणांना बॅरी जे. निडॉर्फ बालकोठडीत ठेवले. मे २०२३ मध्ये तेथे १८ वर्षांचा एक तरुण अमली पदार्थाच्या अतिसेवनाने मरण पावला, आणि त्याच महिन्यात राज्याच्या तपासणी मंडळाने काउंटीच्या दोन्ही बालकोठड्या मुलांना ठेवण्यास अयोग्य ठरवल्या. घाईने पुन्हा उघडलेल्या लॉस पाद्रिनोस कोठडीत मुलांमध्ये मारामाऱ्या घडवून आणल्याच्या किंवा घडू दिल्याच्या आरोपावरून मार्च २०२५ मध्ये काउंटीच्या ३० प्रोबेशन अधिकाऱ्यांवर आरोपपत्र जाहीर झाले. आरोपपत्रात ६९ घटना आणि १२ ते १८ वयाचे १४३ बाधित नोंदवलेले आहेत. आरोपपत्र म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, परंतु राज्याचे खाते बंद केल्याने बंद खोलीचा प्रश्न बंद झाला असे मानणाऱ्यांनी हे आकडे नजरेआड करू नयेत.

तरीही नव्या व्यवस्थेत एक गोष्ट खरोखर बदलली आहे, आणि वर्तमानपत्रांत तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. काउंटीच्या कुलूपबंद उपचारगृहात मुलाला पाठवताना न्यायाधीशाला आता कैदेची मूळ मुदत तेथेच ठरवून द्यावी लागते. दर सहा महिन्यांच्या आत त्या मुलाची प्रगती खुल्या नोंदीवर, त्याच्या वकिलासमोर, तपासावी लागते. प्रगती असेल तर मुदत कमी करता येते किंवा त्याला अधिक मोकळ्या जागी हलवता येते. संस्थेत भांडला, शिस्त मोडली, या कारणासाठी ती मुदत वाढवण्याची मनाई कायद्यात शब्दांनिशी घातली आहे. मुदतीच्या अखेरीस एखाद्यापासून इतरांना मोठा आणि तातडीचा धोका आहे असे वाटले तर त्याला आणखी काळ ठेवता येतो, पण तो निर्णयही न्यायाधीशाने, सुनावणी घेऊन, कारणे नोंदवून करावयाचा आहे.